दुसऱ्या दिवशीचा रस

आखजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, पंगत उठली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि रसाचं मोठं पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. अंदाज पस्तीस माणसांचा, जेवली वीस. अंजनगावहून कौशल्येची नणंद सत्यवती आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन येणार होती, पण ऐन नैवेद्याच्या वेळी तिचा फोन आला. तिच्या सासऱ्यांना ऊन लागलं, सलाईन लावलंय, आता कोणी निघत नाही. अकोल्यात त्या दिवशी पारा पंचेचाळीसवर होता. ऊन लागणं नवलाचं नव्हतं, न लागणंच नवलाचं होतं.

कौशल्येनं फ्रिज तिसऱ्यांदा उघडला आणि तिसऱ्यांदाही तो भरलेलाच निघाला. वर धाकट्या जावेनं, आकांक्षानं, अमरावतीहून आणलेले श्रीखंडाचे दोन डबे. मध्ये भिजवलेली डाळ, दह्याचं पातेलं, उरलेलं पुरण आणि तिचा नवरा नितेश याच्या म्हशीची इंजेक्शनं. दारात सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब, लोणच्याच्या चार बरण्या, पाण्याच्या सात बाटल्या. हा फ्रिज घेतला तेव्हा घरात चार माणसं होती, आणि सणाला माणसं वाढतात हे फ्रिजला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"आई, रस कुठं ठेवू? इथं तीळ ठेवाले जागा नाई."

पार्वताबाई ओसरीत नवऱ्याच्या फोटोखाली बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. "कुठंबी ठेव. उद्यापर्यंत टिकला पाह्यजे. उद्या शेषरावभाऊ येते."



शेषरावांचं येणं या घरात पस्तीस वर्षं चालत आलेलं. मूर्तिजापूरच्या शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, आंब्याचं झाड पार्वताबाईंचे यजमान चंद्रभान आणि शेजारच्या शेताचे शेषराव यांनी मिळून लावलेलं. हळव्या वाणाचं, आखजीलाच पिकणारं. त्याला पहिले आंबे आले त्या साली चंद्रभाननी दोस्ताला आखजीच्या जेवणाला बोलावलं. शेषराव म्हणाले, "माह्या बापानं छप्पन सालीच दीक्षा घेतली आन् हे सारं सोडलं. तुह्या पित्तराचं मी जेवत नाई. पन झाड माहंबी हाये. उद्या येतो आन् आंबा खातो." चंद्रभान घरी येऊन बायकोला म्हणाले, बरोबर बोलला तो. तेव्हापासून पार्वताबाई नैवेद्याला हात लावायच्या आधी पितळेच्या गंजात, म्हणजे उभ्या भांड्यात, शेषरावांचा रस काढून ठेवायच्या. आधी तो गंज, मग पितरांचं पान, मग घरचे. शेषराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं यायचे. त्यांना कधी आवतण गेलं नाही आणि त्यांनी कधी खाडा केला नाही.

यंदा चंद्रभानच नव्हते. कार्तिकात गेले. चुलीतल्या निखाऱ्यावर आज पितरांसाठी जो घास पडला तो त्यांच्याच नावाचा होता. आणि शेषराव स्मशानातून जे परस्पर मूर्तिजापूरला गेले, ते सहा महिन्यांत या घराची पायरी चढले नव्हते. उद्या ते येतील की नाही, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता आणि पार्वताबाईंसमोर तो काढायची कोणाची छाती नव्हती.

नितेशनं तरी आडून काढला. "माय, कायले हट्ट करतं? रातभर रस टिकत नाई या गर्मीत. काका अठ्ठ्याहत्तर वर्साचे, पोट बिघडलं त कोन निस्तरीन? आज वाटून टाकू. उद्या आलेच त बाजारातून आंबे आनू, ताजा करू."

"बाजारातलं झाड त्यानं लावलं का?"

"आपल्या झाडाचे संपले ना! गारपिटीनं चार टोपल्या ठेवल्या होत्या, चारीच्या चारी पिळल्या तुम्ही."

"म्हनूनच म्हनते, ठेवा."

धाकटा कुलदीप आईच्या बाजूनं होता. तो सणाला दोन दिवस येतो आणि दोन दिवस आईच्याच बाजूनं असतो, असं कौशल्येचं जुनं निरीक्षण होतं. तो म्हणाला, "वहिनी, पातेलं कूलरच्या टाकीत ठेवून देऊ. थंडगार पानी हाये."

"त्या टाकीत परवाच डासाचं औषध टाकून गेले महापालिकेवाले," कौशल्या म्हणाली. "ठेवा, ठेवा. काकायले डेंग्यू तरी होनार नाई."

आकांक्षा हसली आणि हसता हसता उठली. ती अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या, लोणच्याच्या बरण्या बाहेर काढल्या. "लोणच्याला कशाला हवाय फ्रिज, ताई? आणि पातेलं नाही मावणार. छोट्या डब्यांत भरू, डबे कसेही बसतात." मग तिनं आपले श्रीखंडाचे दोन्ही डबे उचलून ओसरीतल्या पोरांपुढे ठेवले. त्या डब्यांवरून कौशल्या सकाळपासून मनातल्या मनात धुसफुसत होती. आता धुसफुसायला काही उरलं नाही म्हणून तिला थोडं चुकल्यासारखं झालं.

डबे कमी पडले. कौशल्येनं फळीवरचा पितळेचा गंज घ्यायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. गंज पालथा होता. आतून कोरडा, काल चिंच लावून घासलेला, तसाच लख्ख.

आज नैवेद्य तिच्याकडे होता. सासूबाई फोटोसमोरून हलल्या नव्हत्या. ती गंज घ्यायला वळली होती, तेवढ्यात सत्यवतीचा फोन वाजला. फोन ठेवला तेव्हा नितेश घाई करत होता, आणि तिनं सरळ पातेल्यात पळी घालून पितरांच्या पानावर रस वाढला होता.

"काय झालं?" आकांक्षानं विचारलं.

कौशल्येनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि सांगून टाकलं. "आता हा साराच नैवेद्याचा झाला वं. वरून बाबांच्या नावाचा. ते आले आन् मी हा वाढला, त त्यायच्या पस्तीस वर्साच्या शब्दावर पानी पडलं."

आकांक्षानं दाराच्या फटीतून ओसरीकडे पाहिलं. "कोणाला दिसलं?"

"कोनाले नाई."

"मग तुम्हाला नि मलाच माहीत. सांगू नका. आईंना आज हे सहन व्हायचं नाही."

सात वर्षांत पहिल्यांदाच दोघी जावा एका गोष्टीवर एक झाल्या होत्या, आणि ती गोष्ट नेमकी लपवायची होती. कौशल्येला ते काही बरं वाटलं नाही. तिनं गंज पुन्हा पालथा घातला आणि वाटीनं डबे भरायला घेतले.

निम्मा रस फ्रिजमध्ये मावला. दार लावलं, आणि दहा मिनिटांत लाइन गेली.

*

"डीपी जळली," कुलदीप फोन खिशात टाकत म्हणाला. "वायरमन म्हनते, उद्या सकाळशिवाय होत नाई."

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पार्वताबाईंनी ओसरीतूनच हुकूम सोडला, फ्रिजचं दार कोणी उघडायचं नाही आणि दोघा भावांनी बर्फ आणायला जायचं. नितेशनं तोंड वाकडं केलं, पण डोक्याला दुपट्टा बांधला आणि मोटरसायकल काढली.

बर्फाच्या कारखान्यावर गर्दी होती. आखजी आणि लाइन जाणं एकाच दिवशी म्हटल्यावर सगळ्या गावाला आमरसाची काळजी. अर्धी लादी मिळाली. ती ओल्या बारदान्यात गुंडाळून कुलदीप मागे मांडीवर घेऊन बसला, आणि मांड्या बधिर होत असताना डोकं मात्र तापत होतं. अशी गंमत उन्हाळ्यात वऱ्हाडातच होते.

"दादा, तू सकाळपासून आडवा काहून चालून राहिला?" त्यानं पुढे वाकून विचारलं. "माय एक दिवस रस ठेव म्हनते. ठेवला त काय बिघडते?"

नितेशनं गाडी एका कडुनिंबाखाली थांबवली. उतरला नाही. समोर बघत बोलला.

"ते येनार नाईत, कुल्या."

"काहून?"

"तू अमरावतीवरून पोचलाच नव्हता तवा. बाबाले उचललं. शेषरावकाका पुढं झाले, खांदा द्याले. आपल्या भावकीतला एकजन म्हनला, 'आधी घरचे.' काका मागं सरकले. मंग घाटापर्यंत मागंमागंच चालले." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मी आयकलं ते. मी पुढं होतो. एक शब्द बोललो असतो त झालं असतं. नाई बोललो."

कुलदीपच्या मांडीवरून पाण्याची धार बुटात चालली होती. त्याला भावाचा राग आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. सहा महिने हा माणूस हे एकटाच घेऊन बसला होता.

"मायले माहीत हाये?"

"नाई. तिले वाटते, ते दुःखानं येत नाईत. उद्या ती गाडीच्या टायमाले दारात उभी राहीन आन् कोनी येनार नाई. मले ते पाहावत नाई म्हनून म्हनलं, वाटून टाका तो रस."

"फोन केला?"

"काय तोंडानं करू?"

कुलदीपनं बारदाना सारखा केला. "चाल," तो म्हणाला. "बर्फ निम्मा झाला."

*

लादी कोठ्यात, म्हशीच्या गोठ्यात, उतरली तेव्हा पार्वताबाई ओसरीतून उठून तिथं आल्या. फ्रिज नव्हता तेव्हाही या घरात लग्नं झाली होती आणि उन्हाळ्यातच झाली होती. त्यांनी म्हशीच्या कोठ्यातली लोखंडी कोठी रिकामी करवली आणि दोन विटांवर तिरपी ठेवली. तिच्या तळाशी खिळ्यानं भोक पाडून घेतलं.

"भोक कशाला, आई?" आकांक्षानं विचारलं.

"पानी निघाले. बर्फ आपल्याच पान्यात बुडला का लवकर मरते."

आकांक्षानं मान डोलावली. हे तिनं मुलांना शिकवलं नव्हतं, पण आता शिकवणार होती. कुलदीप खडे मीठ घेऊन आला, तेव्हा मात्र तिनं त्याला अडवलं. मिठानं गारवा वाढतो पण बर्फ झपाट्यानं वितळतो, आपल्याला सकाळ गाठायची आहे. पार्वताबाईंना धाकट्या सुनेचं हे आवडलं. मीठ परत गेलं.

तळाशी तुरीचं कुटार, मळणीतला भुसा, वीतभर दाबलं. त्यावर फोडलेला बर्फ. फ्रिजमधले डबेही आता बाहेर आले, कारण बंद फ्रिज रात्री नुसतं कपाट होणार होता. डबे, झाकण फडक्यानं आवळलेलं पातेलं, भोवती पुन्हा बर्फ, पुन्हा कुटार, वरून बारदाना आणि त्यावर चंद्रभानची जुनी वाकळ. नितेशही घमेल्यानं कुटार ओतत होता. म्हैस आपला चारा कुठं चालला हे मान वळवून बघत होती.

"आता सकाळपर्यंत कोनी उघडनार नाई," पार्वताबाई म्हणाल्या. "सारखं उघडून पायलं का थंडाई जाते."

सगळे हात धुवायला गेले. कौशल्या मागे रेंगाळली. "आई," म्हणाली, मग वाकळीची कड उगाच खोचली आणि तीही गेली.

पार्वताबाई कोठीला टेकून बसल्या. सून काय सांगणार होती ते त्यांना दुपारीच कळलं होतं. पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा फळीवरचा कोरडा गंज त्यांनी पाहिला होता. पस्तीस वर्षांत तो आखजीच्या दुपारी कधी कोरडा नव्हता. कौशल्येचा राग मात्र आला नाही, आला तो स्वतःचा. हे काम सुनेचं कधीच नव्हतं. ते त्यांचं होतं, नवऱ्यानं सांगितलेलं, आणि त्या फोटोसमोर रडत बसल्या होत्या. नवरा गेला तो गेला, त्याचा शब्दही आपण पहिल्याच वर्षी घालवला, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

तरी त्यांनी बर्फ मागवला होता. कोरडा गंज बघितल्यावरही मागवला. शेषराव आले तर त्यांच्यापुढे खोटं वाढायचं नाही, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं. पण खरं ऐकून तो माणूस ताटावरून उठून जाईल, ही भीतीही होती. आणि ते आलेच नाहीत तर, याचा विचार त्यांनी केलाच नाही.

*

सकाळी लाइन आली नव्हती. पण कोठी उघडली तेव्हा वाकळीखालून गार वाफ तोंडावर आली आणि कुटारात अजून विटेएवढा बर्फ शिल्लक होता. पातेल्याला हात लावून आकांक्षा ओरडलीच. कौशल्येनं बोटावर रस घेऊन चाखला. आंबला नव्हता. उलट कालच्यापेक्षा गोड लागला.

नितेश घरात नव्हता. कुठं गेला कोणाला सांगून गेला नव्हता.

काका आलेच तर, म्हणून तो स्टेशनवर उभा होता. गाडी येण्याआधी तासभर आला होता आणि तासभर त्यानं मनात वाक्यं जुळवली होती. मूर्तिजापूरकडून गाडी आली, माणसं उतरली, आणि शेवटच्या डब्यातून पांढरा सदरा घातलेले शेषराव काठी टेकत उतरले. नितेशची सगळी वाक्यं पळाली.

"काका, त्या दिवशी... खांद्याच्या टायमाले... मी आयकलं होतं. बोललो नाई. चुकलं माहं."

शेषरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "लागलं होतं मले," ते म्हणाले. "लय दिवस लागलं. काल रात्रीपर्यंत ठरवलं होतं का जाचं नाई." थोडं थांबून त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली. "सकाळी उठलो, आंघोळ केली, आन् पाय आपोआप स्टेशनाकडं लागले. चाल, ऊन तापून राहिलं."

पार्वताबाई दारात उभ्याच होत्या. मोटरसायकलवर मागे बसलेले शेषराव दिसले तसा त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "या, भाऊ," एवढंच म्हणाल्या. शेषराव फोटोसमोर काही वेळ उभे राहिले. हात जोडले नाहीत, नुसते बघत राहिले. मग हातपाय धुऊन ओसरीत नेहमीच्या जागी बसले.

ताट आलं. पोळी, कुरडई, भजी. कौशल्या रसाची वाटी घेऊन आली, वाकली, आणि वाटी ताटाजवळ नेऊन तिनं हात मागं घेतला. आकांक्षा दारातून मान हलवत होती, नको, नको.

"काका, एक सांगाचं हाये." तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली. "काल तुमचा रस आधी काढाचा राहिला. माह्याच हातून राहिला. नैवेद्य याच पातेल्यातून वाढला. हा... बाबांच्या पानाचा हाये."

"तिची चूक नाई," पार्वताबाई म्हणाल्या. "माही हाये. गंज मले कालच कोरडा दिसला होता."

दोघी सुनांनी चमकून सासूकडे पाहिलं. शेषराव वाटीकडे बघत होते.

"म्हंजे चंद्रभान पित्तर झाला," ते हळूच म्हणाले. मग मान हलवली. "मी पित्तर मानत नाई, वहिनी. आजबी मानत नाई. मंग हा त्यायचा झाला असं तरी मी कसं म्हनू? माह्यासाठी हा आमच्या झाडाचा रस हाये. आन इकडं, पोरी."

वाटी ताटात आली. आकांक्षाला मात्र राहवलं नाही. "मग काका, इतकी वर्षं तुम्ही दुसऱ्या दिवशीच का येत होता?"

"पहिल्या साली हट्टानं आलो. बापाचा शब्द होता, तो राखला. त्याचं मले काई वाईट वाटत नाई." शेषरावांनी पोळी मोडली, पण घास उचलला नाही. "पन आलो त घरी पाव्हना नाई, पोरं मामाच्या गावाले, ओसरीत चंद्रभान एकटा. दिवस बुडेपर्यंत बोलत बसलो. मंग म्हनलं, हाच दिवस बरा. आखजीले तो साऱ्यायचा असे. दुसऱ्या दिवशी माह्या एकट्याचा." त्यांनी समोरच्या रिकाम्या पाटाकडे हात केला. "आता इथं एकट्यानं घास उतरत नाई."

नितेश चटकन पुढे झाला आणि त्या पाटावर बसला.

"तू उठ रे," पार्वताबाई म्हणाल्या.

तो उठला. पार्वताबाईंनी गुडघ्यावर हात देऊन पाटावर बसकण मारली, पदर सावरला आणि सुनेला दुसरं ताट आणायला सांगितलं. त्या आयुष्यात कधी परक्या पुरुषासमोर जेवायला बसल्या नव्हत्या. कौशल्येनं ताट मांडलं, रस वाढला, आणि तिथून हलावं की उभं राहावं तिला कळेना.

"पस्तीस वर्सं तुमी दोघं इथं बोलले आन् मी आत पोळ्या लाटल्या," पार्वताबाई म्हणाल्या. "अर्धं आयकू आलं, अर्धं नाई आलं. एवढं काय बोलत होते?"

"काई नाई, वहिनी. असंच."

"असंच कसं? दिवस बुडेपर्यंत चालत होतं."

शेषरावांनी पोळीचा तुकडा रसात बुडवला, खाल्ला आणि डोळे पुसले.

"त आयका मंग," ते म्हणाले.